हाली, कलदार आणि डायमंड

या खेळात मी सरदार आहे. माझ्याकडे एक तलवार आहे, अर्धं चिलखत आहे, एक दमेकरी घोडं आहे आणि पायात काही नाही. कारण बूट दुकानात मिळतात आणि ते दुकान रोखीचं आहे. बाकी खेळ फुकट. मोबाइलवर उतरवून घ्यायला पैसा लागत नाही, नाव नोंदवायला लागत नाही, राक्षसाचा मार खायला तर अजिबात लागत नाही. पैसा लागतो तो मार चुकवायला.

खेळाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही आज उतरवून घ्याल, उद्या त्यात पैसे घालाल आणि परवा घोड्यावरून माझ्या अंगावर धूळ उडवत निघून जाल. असे बरेच गेलेत. मी वाटेच्या कडेला उभा राहून सगळ्यांना रामराम करतो. रामराम करायलाही पैसे लागत नाहीत. मात्र हात जोडून रामराम करायचा असेल तर ती मुद्रा दुकानात आहे, म्हणून मी नुसता लिहून करतो.

कथा म्हणाल तर साधी आहे. राज्य बुडालंय, राजकन्या पळवून नेलीय आणि तिला सोडवायची जबाबदारी धाराशिवातल्या एका शाळामास्तरावर आलीय. राजकन्या अजून तिकडंच आहे. मी तिच्या बुरुजापर्यंत पोचलो होतो, पण दारातल्या पहारेकऱ्याला हरवायला जेवढी ताकद लागते तेवढी फुकट खेळणाऱ्याच्या अंगात यायला एक अधिक मास तरी मध्ये जावा लागेल. तिचीही काही तक्रार दिसत नाही. बुरूज हवेशीर आहे.

या खेळाची खरी करामत अशी, की तो स्वतःच स्वतःला खेळतो. पडद्याच्या कोपऱ्यात ‘ऑटो’चं बटण असतं. ते दाबलं की तुमचा योद्धा आपणहून चालतो, आपणहून लांडगे मारतो, गावच्या पाटलाशी आपणहून बोलतो आणि पाटलानं सांगितलेली दहा मुळ्या-औषधं आपणहून गोळा करतो. माझा भाचा दहावीला आहे. पुस्तक समोर, मोबाइल उशीखाली चार्जिंगला, आणि उशीखाली त्याचा योद्धा एकटाच जंगल साफ करत असतो. आक्का स्वयंपाकघरातून ओरडते, “काय करूलालास रे?” तो म्हणतो, “अभ्यास.” पोरगं खोटं बोलत नाही. अभ्यास पुस्तकात चालू असतो, लढाई उशीखाली चालू असते आणि पोरगं मध्ये झोपलेलं असतं.

आता दुकानाकडं वळू. दुकानाआधी पैसा समजून घ्यावा लागतो, कारण खेळात पैसा दोन जातींचा आहे. सोन्याच्या मोहरा लढून मिळतात आणि त्यांना कुणी विचारत नाही. डायमंड रुपये मोजून मिळतात आणि ते नसले तर तुम्हाला कुणी विचारत नाही. चांगलं ते सगळं डायमंडात. मोहरांत मिळतं ते म्हणजे दगडी ढाल, शिळी भाकरी आणि घोड्याचा चारा.

नव्या पोरांना हा दोन नाण्यांचा व्यवहार फार आधुनिक वाटतो. आमच्या आज्यांना नसता वाटला. 1948 च्या पोलीस कारवाईपर्यंत आमचा धाराशिव जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इथं चलन निजामाचं, हाली सिक्का. तिकडं सोलापुरात इंग्रजी मुलूख, तिथं कलदार. साधारण सहा कलदाराला सात हाली. तुळजापूर ते सोलापूर अंतर पंचेचाळीस किलोमीटर. पण मध्ये हद्द आडवी, हद्दीवर करोडगिरीचा नाका, आणि नाका ओलांडला की खिशातला रुपया काही न करता बारीक व्हायचा. म्हातारी माणसं बाजाराला निघताना हा हिशेब चालता चालता करत. खेळाची कंपनी मोठी हुशारी केल्याच्या थाटात रुपयाला डायमंड म्हणते, आणि एका रुपयाला किती डायमंड हे मात्र असं ठेवते की भागाकार तोंडी होऊ नये.

भागाकार झालाच, तर पुढचा फास तयार असतो. हवी ती वस्तू एकशे वीस डायमंडची आणि पुडकं शंभराचं. वीस कमी पडतात, म्हणून दुसरं पुडकं घ्यायचं. वस्तू आली की ऐंशी उरतात. ऐंशीला दुकानात मिरवण्याजोगी एकही वस्तू मिळत नाही. ऐंशी डायमंड रात्री झोपू देत नाहीत. आणखी वीस असते तर, असं वाटतं, आणि वीसचं पुडकं नसतं. हाली सिक्क्यात निदान चिल्लर मिळायची.

डायमंडवरून आठवलं. या जिल्ह्याचं उस्मानाबाद हे जुनं नाव ज्यांच्यावरून पडलं होतं त्या सातव्या निजामाचं, मीर उस्मान अली खान यांचं, चित्र फेब्रुवारी 1937 मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आलं होतं, जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून. त्यांच्याकडं जेकब नावाचा 184 कॅरटचा हिरा होता. गोष्ट अशी सांगतात, की तो त्यांना वडलांच्या जोड्याच्या पुढच्या टोकात सापडला आणि त्यांनी तो टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवला. म्हणजे बूट आणि डायमंड दोन्ही एकाच वेळी, तेही घरातच, टॉपअप न करता. मी अनवाणी सरदार हे वाचून बराच वेळ गप्प बसलो होतो. पुढं 1995 मध्ये भारत सरकारनं निजामाचे दागिने 218 कोटींना विकत घेतले, त्यात हाही हिरा आला. डायमंडचा एवढा मोठा टॉपअप आमच्या गिल्डमध्ये, म्हणजे खेळातल्या आमच्या टोळीत, अजून कुणी केलेला नाही.

मजा पुढं आहे. हाच निजाम काटकसरीसाठीही प्रसिद्ध होता. त्याच्या चिकटपणाच्या गोष्टी हैदराबादेत आजही चवीनं सांगतात. हिरे पोत्यानं असून खर्चायचे नाहीत, हा स्वभाव कोणत्याही खेळाच्या कंपनीला झोपवायला पुरेसा आहे. असा एक गिऱ्हाईक लाभला असता तर कंपनीनं त्याला रोज दहा निरोप पाठवले असते, ‘आज फक्त तुमच्यासाठी’, आणि त्यानं प्रत्येक निरोपावर जेकब ठेवून दिला असता.

निजामाचं नाव जाऊन धाराशिव झालं, त्याचा खेळाशी संबंध आहे. खेळात नाव बदलायचं कार्ड मिळतं. डायमंड भरा, नवं नाव टाका, हिरवं बटण दाबा. भाच्यानं दिवाळीच्या सुट्टीत इतकी नावं बदलली की त्याचा स्वतःचा मित्र त्याला शत्रू समजून मारून गेला. जिल्ह्याचं कार्ड मात्र जरा हळू चाललं. आमच्याकडं बोलताना धाराशिव म्हणणारी माणसं कायमच होती. कागदावर यायला मंत्रिमंडळाचा ठराव जून 2022 मध्ये, केंद्राची संमती फेब्रुवारी 2023 मध्ये, जिल्ह्याची अधिसूचना त्याच वर्षी सप्टेंबरात, मग मे 2024 मध्ये उच्च न्यायालय, ऑगस्टात सर्वोच्च न्यायालय. आणि एवढं होऊनही एसटीत शेजारी बसलेला म्हातारा विचारतो, “उस्मानाबाद आलं का ओ?” आणि आपणही “आलं की” म्हणून उतरतो.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते सांगतो. या दुकानात तलवारी, बूट, पंख, बोलका पोपट असं बरंच काही मांडलेलं असलं तरी माल एकच आहे. तिथं वाट बघण्यापासून सुटका विकतात. किल्ला बांधायला घेतला की पाटी येते: आठ तास लागतील, किंवा चाळीस डायमंड. घोडं दमलं: सहा तासांनी उठेल, किंवा तीस डायमंड. तलवारीला धार: उद्या सकाळी, किंवा आत्ता, पण पंचवीस डायमंड. कंपनीचा सगळा डोलारा एका गृहीतावर उभा आहे, की माणसाला दम निघत नाही.

हे गृहीत ज्यांनी धरलं ते धाराशिवला आलेले नाहीत. सहा तासांना आमच्याकडं वाट बघणं म्हणतच नाहीत. तुळजापूरला रेल्वे येणार हे ऐकत माणसं म्हातारी झाली. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या 84 किलोमीटरच्या मार्गाचं भूमिपूजन जानेवारी 2019 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते सोलापुरात झालं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मग एसटी धरून घरी आले. कृष्णेचं पाणी शिवारात येणार, हे आम्ही ज्या निवांतपणे ऐकतो त्या निवांतपणे लोक हवामानाचा अंदाजही ऐकत नसतील. पावसाची वाट बघायची, पाऊस आला की उघडीप मिळायची, सोयाबीन निघालं की भाव निघायची, भाव नाहीच निघाला तर विम्याची. 2023 च्या खरिपापासून दोन वर्षं सरकारनं एक रुपयात पीकविमा दिला होता. पहिल्या खरेदीवर एवढी सवलत जगातल्या कुठल्याही खेळानं दिली नसेल. अर्ज भरणाऱ्याला एक रुपया लागला. पुढं नुकसानभरपाई कधी येते हे बघत बसायला जी ताकद लागते ती शेतकऱ्याच्या अंगात आधीपासून होतीच.

असल्या माणसासमोर ‘आठ तास किंवा चाळीस डायमंड’ अशी पाटी लावणं म्हणजे तेरच्या गोरोबाकाकांच्या गावात मडकं विकायला बसणं. आमच्या गिल्डमधला एक शेतकरी किल्ल्याच्या बांधकामाची आठ तासांची पाटी बघून म्हणाला, “एवढ्यातच व्हतंय?” आणि त्याला ते काम कच्चं वाटायला लागलं.

चालण्याचंही तसंच. खेळात लांबच्या गावाला तडक जायचं तर मंतरलेलं शिंग वाजवावं लागतं, ते विकतचं. नाहीतर अख्खा नकाशा पायी तुडवायचा. ज्या जिल्ह्यात कोजागरीला सोलापूरकडून आणि कुठून कुठून माणसं रात्रभर चालत तुळजापूर गाठतात, पाय सुजलेले, गळ्यात कवड्यांची माळ आणि तोंडात ‘आई राजा उदो उदो’, तिथं शिंग कोण विकत घेणार? चालणं हाच तर त्यातला मुख्य भाग आहे. बरं, त्या माळेतली कवडी एके काळी चलनच होती. आमच्याकडं बंद पडलेलं चलनही देवीच्या नावानं गळ्यात मानानं मिरवतं. या डायमंडांचं खेळ बंद पडल्यावर काय होतं ते विचारूच नका.

मग ही दुकानं चालतात कुणावर? त्याचा हिशेब स्वर्व नावाच्या कंपनीनं 2014 मध्ये मोबाइल खेळांवरून मांडला होता. फुकटच्या खेळात शंभरातली जेमतेम दीड माणसं पैसे घालतात, आणि एकूण गल्ल्यातला निम्मा पैसा त्या पैसे घालणाऱ्यांतल्याही वरच्या दहा टक्क्यांकडून येतो. हजार माणसं घेतली तर नऊशे पंच्याऐंशी आमच्यासारखी, पंधरा देणारी, आणि निम्मं दुकान दीड माणसाच्या खांद्यावर. धंद्यात या माणसाला देवमासा म्हणतात. पण देवमाशाला पोहायला समुद्र लागतो, आणि तो समुद्र म्हणजे आम्ही. आम्ही नसलो तर त्यानं सोन्याचे पंख लावून कुणापुढं उडायचं? तेव्हा मी अनवाणी उभा असतो तो आळशीपणानं नव्हे. मी कामावर असतो.

आमच्या गिल्डचा देवमासा मूळचा कळंबकडचा, पुण्यात संगणकाच्या नोकरीत. पगार चांगला, लग्न ठरत नाही, दोन्ही राग खेळात निघायचे. त्याच्या योद्ध्याला पंख होते, पंखांना ज्वाळा होत्या, ज्वाळांना आवाज होता. त्याच्या घोड्याला चिलखत होतं. घोड्याच्या चिलखताला या धंद्यात इतिहास आहे: 2006 मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ नावाच्या खेळाच्या कर्त्यांनी ते अडीच डॉलरला विकायला काढलं, तेव्हा जगभरच्या खेळाडूंनी शिव्या घातल्या आणि विकत घेतलं. तेव्हापासून शिवी आणि विक्री हातात हात घालून चालतात.

देवमाशाचा विशेष जीव होता तो चक्रावर. चक्र फिरवायचं, नशिबात असेल ती वस्तू पडते. 2020 मध्ये आलेल्या ‘गेंशिन इम्पॅक्ट’ या चिनी खेळात सर्वांत वरच्या पात्राची शक्यता हजारात सहा, आणि नव्वदाव्या वेळेला मात्र हमखास, असा छापील दर आहे. छापील आहे हेच पुष्कळ. जपाननं 2012 मध्ये या चक्रांचा एक फारच वाईट प्रकार बंद पाडला, बेल्जियमनं 2018 मध्ये पैशाच्या बंद पेट्यांना जुगार ठरवलं. देवमाशाला यातलं काही सांगितलं की तो म्हणायचा, “सर, फक्त अजून एकदा.” तुळजापूरच्या देवळात चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. मनात प्रश्न धरून त्यावर हात टेकायचे. उजवीकडं वळला तर होकार, डावीकडं वळला तर नकार. भाविक नकार घेऊनही शांतपणे बाजूला होतात, मागं रांग असते. खेळातल्या चक्राला नकार देता येत नाही. ते दर वेळी थोडक्यात हुकल्याचं दाखवतं आणि मागं रांग नसते.

सरकारनं यात लक्ष घातलं नाही असं नाही. ‘फ्री फायर’ फेब्रुवारी 2022 मध्ये बंद केला, त्याचा थोरला भाऊ ‘मॅक्स’ चालूच राहिला आणि पोरं एका दुपारीत घर बदलून मोकळी झाली. जुलै 2025 मध्ये राज्याच्या कृषिमंत्र्यांचा विधिमंडळातला व्हिडिओ गाजला. मोबाइलच्या पडद्यावर रमी दिसत होती. आपण खेळत नव्हतो, असं ते म्हणाले. पुढं त्यांचं खातं बदललं आणि नवं मिळालं ते क्रीडा. ऑगस्टात संसदेनं कायदाच केला: पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ बंद. भाच्यानं घाबरून विचारलं, “मामा, आपला?” मी त्याला धीर दिला. आपल्या खेळात पैसे जिंकताच येत नाहीत, फक्त घालवता येतात, त्यामुळं आपला खेळ निर्दोष आहे.

सगळं सुरळीत चाललं असताना देवमाशाचं लग्न ठरलं. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं गिल्डवर ‘सर्वांना जय तुळजाभवानी’ एवढंच लिहिलं आणि गेला. त्याच आठवड्यात आमच्यावर लातूरच्या एका गिल्डनं हल्ला केला आणि आमचा किल्ला परंड्याच्या किल्ल्यासारखा फक्त बघण्यापुरता राहिला. रात्री बैठक बसली. आता म्होरक्या कोण? गिल्डमध्ये दोन तट, एक अणदूरकडचा, एक नळदुर्गचा, आणि दोघांनाही कप्तानपद हवं. मोबाइलवर इतकं टायपिंग मी निवडणुकीतही पाहिलं नव्हतं. कुणी लोहाऱ्याचं तिसरं नाव पुढं केलं, ते दोन्हीकडून पडलं.

तोडगा एका म्हाताऱ्या माणसानं काढला, जो स्वतः खेळत नाही. नातवाच्या मोबाइलवर नुसता वाचत होता. त्यानं नातवाकडून लिहून घेतलं: आपला खंडोबा काही महिने अणदुरात असतो, काही महिने नळदुर्गात. दोन्ही गावं दरवर्षी लेखी करार करतात, देव वेळेवर हलतो, कुणाचं भांडण नाही. देवाला जे चालतं ते तुमच्या कप्तानाला का चालू नये?

पाच मिनिटं कुणी काही लिहिलं नाही. मग दोन्हीकडून अंगठे आले. करार मीच लिहिला, मास्तर म्हणून: खंडोबा ज्या गावात, कप्तान त्या गावचा. खाली दोन्ही तटांनी आपापल्या योद्ध्याचं नाव टाकलं. साक्षीदाराच्या जागी भाच्याचं नाव घ्यायचं होतं, पण त्याचं त्या दिवशीचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

कराराखाली पहिलाच ठराव लढाईच्या वेळेचा आला. कंपनीची मोठी लढाई रात्री साडेआठला असते, ती वेळ शहरातल्यांच्या सोयीची. आमचे निम्मे योद्धे त्या वेळी जेवत असतात आणि उरलेले झोपून घेतात, कारण शेतीची लाइट आठवडाभर दिवसा असली की पुढचा आठवडा रात्रीची. मध्यरात्री लाइट आली की उठायचं, स्टार्टरला हात लावायचा आणि उसाला दारं धरायची. सरी भरेपर्यंत बांधावर बसून करायचं काय? तीच वेळ खेळायची. विजेरी काखेत, खोरं शेजारी, मोबाइल हातात, आणि अंधारात कुठंतरी लातूरचा किल्ला.

ठराव एकमतानं पास झाला आणि मी तो लातूरवाल्यांना कळवला: लढाई रात्री सव्वाबाराला, थ्री फेज आल्यावर. त्यांचं उत्तर लगेच आलं. त्यांच्याकडं या आठवड्यात दिवसाची पाळी होती. पुढच्या सोमवारी बघू म्हणाले.